लॅक्टिक जिवाणूकडे डीएनए-दुरुस्तीची जनुकं आहेत का, हे कसं तपासायचं

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी कोणी लॅक्टिक जिवाणू मागितला, की मी दह्याऐवजी वाइनमधला ओइनोकॉकस ओइनी हातात देते. डीएनएची नक्कल होताना चुकीची जोडी बसली, तर ती हेरणारं म्यूट-एस आणि पुढची कारवाई करणारं म्यूट-एल ही दोन्ही जनुकं याच्याकडे नाहीतच. २००८ साली हे प्रसिद्ध झालं. त्याच्या भावकीतल्या ल्यूकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिसकडे मात्र दोन्ही आहेत, त्यामुळे तुलनेला जोडी आयती मिळते.

आधी कॉम्प्युटर. एनसीबीआय या जनुकीय माहितीच्या सार्वजनिक संकेतस्थळावरून दोघांचे जीनोम (संपूर्ण डीएनए-क्रम) उतरवा. ओइनीचा पीएसयू-१ हा स्ट्रेन (वाण) घ्या, जेमतेम १८ लाख बेस-जोड्यांचा आहे. अर्धवट जोडलेला जीनोम नको, त्यातली फट आणि खरी गैरहजेरी यांत फरक कळत नाही. ल्यूकोनोस्टॉकचं म्यूट-एस प्रथिन घेऊन टी-ब्लास्ट-एन (प्रथिनाशी जुळणारा भाग डीएनएत शोधणारा प्रोग्राम) ओइनीच्या जीनोमवर चालवा. इथे पोरं हमखास फसतात. म्यूट-एस-२ नावाचं एक प्रथिन बऱ्याच ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंत असतं; नावात साम्य असलं तरी चुकीच्या जोड्या दुरुस्त करणं हे त्याचं काम नाही. जुळणी दिसली, की प्रथिनाच्या सुरुवातीला चूक ओळखणारा भाग आहे का ते बघा. तो नसून शेवटी एसएमआर नावाचा भाग (डोमेन) असेल, तर ते म्यूट-एस-२. आणि म्यूट-एच (ई. कोलायमध्ये दुरुस्तीसाठी डीएनए कापणारं प्रथिन) शोधत बसू नका, ते ई. कोलायच्या धड्यातलं आहे. इथे कापायचं काम म्यूट-एल स्वतःच करतं. शोध नीट चालतोय याची खात्री म्हणून आरपीओ-बी (आरएनए बनवणाऱ्या एन्झाइमचं, प्रत्येक जिवाणूत असणारं) जनुकही शोधा. ते सापडायलाच हवं.

मग प्रयोगशाळा. दुरुस्ती नसेल तर डीएनएत बदल जास्त टिकतात, म्हणून रिफॅम्पिसिन या प्रतिजैविकाला दाद न देणाऱ्या कॉलन्या किती उगवतात, हे मोजायचं. दोघांची एमआयसी (वाढ थांबवणारी औषधाची किमान मात्रा) आधी काढा. एकच मात्रा दोघांना लावली तर तुलनेला अर्थ नाही. एकाच मोठ्या कल्चरमधून प्लेट भरू नका. थोड्याशा पेशींपासून बऱ्याच छोट्या नळ्या वेगवेगळ्या वाढवा आणि प्रत्येक नळी रिफॅम्पिसिनच्या आपापल्या प्लेटवर ओता. एखाद्या नळीत बदल लवकर झाला, तर तिथे कॉलन्यांचा पूर येतो. म्हणून सरासरीऐवजी मध्यक घ्या. ल्युरिया आणि डेलब्रुक यांनी १९४३ मध्ये हीच मेख पकडली होती. एकूण जिवंत पेशी औषध नसलेल्या साध्या प्लेटवर मोजा आणि मध्यकाला त्या आकड्याने भागा.

ओइनीला एमआरएस या लॅक्टिक जिवाणूंच्या वाढ-माध्यमात टोमॅटोचा रस घाला, पीएच ४.८ ठेवा. कॉलनी दिसायला आठवडा सहज जातो, तोवर प्लेट वाळते. पॅराफिल्म गुंडाळा, वरून फॉइल. रिफॅम्पिसिनला उजेड चालत नाही. इतक्या दिवसांत औषधही ढिलं पडतं, म्हणून उशिरा उगवलेली प्रत्येक कॉलनी ताज्या रिफॅम्पिसिन प्लेटवर पुन्हा ओढून बघा. संशय आला तर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाका. लॅक्टिक जिवाणू सहसा फसफसत नाहीत; फसफसलं, तर बहुधा बाहेरचा पाहुणा घुसलाय.

रिफॅम्पिसिनचा मारा आरपीओ-बीच्या एन्झाइमवरच असतो, म्हणून टिकलेल्या काही कॉलन्यांचं आरपीओ-बी सिक्वेन्स करून घ्या, बदल नेमका कुठे झाला ते दिसेल. ओइनीची पिढ्यान्पिढ्या पुनर्लागवड मात्र करू नका, दुरुस्ती नसल्याने बदल साचत जातात. पहिल्याच दिवशी ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर भरपूर नळ्या ठेवा आणि दर प्रयोगाला त्यातली नवी काढा.