झोआ मिटून बसल्या की आधी क्षारता बघा

ठाण्यात आमच्या घरी शंभर लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे आणि त्यात मुख्यतः झोआच आहेत. पूर्ण नाव झोअँथिड, प्रवाळांच्या नात्यातले समुद्री प्राणी, गटाने वाढणारे. प्रत्येक पॉलिप, म्हणजे गटातला एकेक जीव, शर्टाच्या बटणाएवढं, मधोमध तोंड, भोवती पापण्यांसारखी झालर. निळ्या लाइटखाली त्यांचे हिरवे-शेंदरी रंग अक्षरशः पेटतात. नवख्याने सुरुवात यांच्यापासूनच करावी, असं माझं ठाम मत आहे. त्या बरंच काही सोसतात, पण सारखी वरखाली होणारी क्षारता त्यांना सोसत नाही.

पहिल्या उन्हाळ्यात पाणी 30 अंशांवर गेलं म्हणून मी टँकवर छोटा पंखा लावला. पाणी 27 वर आलं, पण रोज दीड लिटर उडायला लागलं. ते मी तीन-चार दिवसांनी एकदम भरायचे. पाणी उडतं, मीठ मागे राहतं, त्यामुळे क्षारता चढायची आणि भरलं की धाडकन उतरायची. पॉलिप आठवडाभर उघडले नाहीत. आता रोज सकाळी चहाआधी खुणेपर्यंत साधं आरओ-डीआय पाणी (गाळून क्षार काढलेलं) घालते, मिठाचं नाही. रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे क्षारता मोजायच्या उपकरणावर, विशिष्ट घनता 1.025 ठेवा आणि तो अधूनमधून कॅलिब्रेट करा.

नवीन फ्रॅग, म्हणजे मोठ्या गटातून कापलेला तुकडा, आधी तळाशी ठेवा, दोन आठवड्यांनी हळूहळू वर न्या. देठ लांबून माना वर काढल्या तर उजेड कमी पडतोय. पाणी फार चकाचक ठेवू नका. नायट्रेट (टँकमधल्या घाणीतून पाण्यात साठणारं) शून्यावर गेलं की माझ्याकडे रंग फिके पडतात, 5 ते 10 पीपीएमला (दहा लाख भागांत 5 ते 10 भाग) छान राहतात.

टँकमध्ये सोडण्यापूर्वी फ्रॅगची खालची बाजू भिंगातून बघा. झोआ खाणारी न्यूडिब्रँक गोगलगाय खाल्लेल्या पॉलिपचाच रंग घेते, त्यामुळे झालरीत मिसळून जाते. अंडी मात्र पांढऱ्या गुंडाळीसारखी दिसतात. ती चिमट्याने खरवडा, कारण डिपने, म्हणजे किडे मारायच्या औषधी पाण्यात फ्रॅग बुडवून, ती मरतातच असं नाही.

आता कृपा करून हे नीट वाचा. काही झोअँथिडांत, विशेषतः पॅलिथोआ या प्रकारात, पॅलिटॉक्सिन असतं. 1971 साली हवाईत वेगळं काढलेलं हे अतिशय जहाल विष. कापताना पॉलिप पिचकारी मारतो, म्हणून हातमोजे आणि चष्मा हवाच. झोआ असलेला दगड कधीही उकळू नका, गरम पाण्याने घासू नका. वाफेतून विष छातीत जातं. पाणी बदलताना नळी तोंडाने ओढायची आपल्याकडे सवय आहे, ती इथे सोडा. नंतर तोंड कडू पडलं, धाप लागली, ताप आला तर थेट हॉस्पिटल गाठा आणि डॉक्टरांना विषाचं नाव सांगा.

हाजी अलीच्या खडकांवर ओहोटीला झोअँथिड उघडे दिसतात. जरूर बघा, पण उपटू नका. दगडी प्रवाळ तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मी फ्रॅग दुसऱ्या हौशी माणसाच्या टँकमध्ये वाढलेलेच घेते.