धंद्याचा जुना नंबर कमी खर्चात चालू कसा ठेवायचा

पाटीवर, बिलबुकांवर आणि जुन्या गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये जो नंबर आहे, तो सोडून चालत नाही. पण त्या लाइनवर दिवसाला चार-पाच कॉल येत असतील, तर पूर्ण भाडं भरण्यातही अर्थ नाही. नंबर ठेवायचा, त्यावरचे कॉल रोजच्या मोबाइलवर वळवायचे, म्हणजे फॉरवर्ड करायचे, आणि त्यामागची लाइन काढून टाकायची, हा यावरचा उपाय.

आधी हिशेब करा. कॉल करणारा तुमच्या जुन्या नंबरापर्यंतचेच पैसे देतो. तिथून तुमच्या मोबाइलपर्यंतचा टप्पा तुमच्या खात्यावर पडतो, आणि नेमकं हेच अनेकांना पहिल्या बिलावर कळतं. येणाऱ्या कॉलची मिनिटं सहसा बिलात नसतात, म्हणून आठवडाभर नोंद ठेवा. दिवसाला ५ कॉल, सरासरी ३ मिनिटं, महिन्यात २५ दिवस म्हणजे ३७५ मिनिटं. ही मिनिटं गुणिले फॉरवर्डिंगचा दर, अधिक नंबरचं मासिक भाडं, हा खरा खर्च. प्लॅनमध्ये मोफत मिनिटं असतील, तर ती फॉरवर्ड केलेल्या कॉलला लागू आहेत का, हे कंपनीकडून लेखी घ्या.

जुना नंबर मोबाइलचा असेल तर काम सोपं आहे. सर्वांत स्वस्त प्रीपेड प्लॅनवर जा आणि सगळे कॉल फॉरवर्ड करा. फॉरवर्डिंग नेटवर्कमध्ये होतं, त्यामुळे सिम बंद फोनमध्ये असलं तरी चालतं. जीएसएम नेटवर्कवरचे कोड असे:

सगळे कॉल वळवायला **२१*नंबर#
स्थिती बघायला *#२१#
बंद करायला ##२१#
उचलला नाही तरच वळवायचा असेल तर **६१*नंबर*११*२०#

शेवटच्या कोडातले २० म्हणजे सेकंद; ५ ते ३० पर्यंत, पाचाच्या पटीत. नंबर देशाच्या कोडासह, अधिक चिन्ह लावून टाका. दोन सिमच्या फोनमध्ये कोड कुठल्या सिमवरून जातोय ते बघा, नाहीतर भलताच नंबर वळतो. फसवणुकीच्या प्रकारांमुळे काही ठिकाणी असे कोड बंद केलेले आहेत. तिथे ग्राहकसेवेकडून सोय करून घ्यावी लागते. आणि कुणी अनोळखी माणसाने फोनवर *२१* किंवा **२१* ने सुरू होणारा कोड डायल करायला सांगितला, तर तो तुमचे कॉल स्वतःकडे वळवतोय असं समजा.

लँडलाइन असेल तर लाइन ठेवून फॉरवर्डिंग लावणं हा सोपा पण महाग मार्ग, कारण भाडं सुटत नाही. त्यापेक्षा, जिथे लँडलाइनचा नंबर पोर्ट करता येतो तिथे, तो इंटरनेट टेलिफोन सेवेत, म्हणजे व्हीओआयपीत पोर्ट करा, म्हणजे तोच नंबर त्या कंपनीकडे न्या. तिथे नुसत्या नंबराचं भाडं कमी असतं, आणि कॉल त्यांच्या अ‍ॅपवर घेतला तर दुसऱ्या टप्प्याचे पैसे बहुधा लागत नाहीत. महिन्याची मिनिटं जास्त असतील तर हाच मार्ग परवडतो. मात्र तुमच्या भागातले नंबर ती सेवा पोर्ट करून घेते का, हे पैसे भरण्याआधी विचारा.

पोर्टिंगमध्ये सगळ्यात महागात पडणारी घाई एकच: जुनी लाइन आधी बंद करणं. बंद झालेला नंबर पोर्ट होत नाही, आणि काही काळाने तो दुसऱ्याला दिला जातो. नवीन सेवेकडे अर्ज करा, नंबर तिकडे वाजायला लागला की मगच जुनी उरलेली सेवा तोडा. अर्जावरचं नाव, पत्ता आणि खाते क्रमांक जुन्या बिलावर आहे तसाच लिहा. किरकोळ फरकानेही अर्ज परत येतो. थकबाकीही अडवते. त्याच लाइनवर ब्रॉडबँड, फॅक्स, अलार्म किंवा कार्ड मशीन असेल तर ते नंबराबरोबर बंद पडू शकतं, तेव्हा त्याची सोय आधी करा.

फॉरवर्डिंग लावल्यावर तपासणी तिसऱ्याच फोनवरून करा. ज्या मोबाइलवर कॉल येणार आहे त्यावरूनच लावला तर तो व्यस्त लागतो आणि सेटिंग चुकलंय असं वाटतं. दोन नंबर एकमेकांकडे वळवू नका, कॉल फिरत राहतो किंवा तुटतो. मोबाइलचं व्हॉइसमेल चालू असेल तर न उचललेला कॉल तिथे जातो, आणि तिथे धंद्याच्या नावाऐवजी तुमचं घरगुती स्वागत वाजतं. तेही बदलून घ्या. स्क्रीनवर गिऱ्हाइकाचा नंबर दिसतो, पण कॉल धंद्याचा की घरचा हे कळत नाही. बऱ्याच व्हीओआयपी सेवांमध्ये कॉल जोडण्याआधी तुम्हाला छोटी सूचना ऐकवण्याची सोय असते, ती वापरा.

एसएमएस मात्र फॉरवर्ड होत नाहीत. बँक, करखाते, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस यांचे ओटीपी जुन्या नंबरवर येत असतील, तर नंबर हलवण्याआधीच तिथली नोंदणी बदला. जिथे कॉलवर ओटीपी घेण्याचा पर्याय असतो तिथे फॉरवर्ड केलेला नंबरही चालतो.

प्रीपेड सिमची मुदत संपली की फॉरवर्डिंगही थांबतं, आणि तुम्हाला कसलीच सूचना मिळत नाही, कारण ती सूचना येते त्याच बंद फोनवर. म्हणून रिचार्जची तारीख रोजच्या फोनमध्ये नोंदवा, शिवाय महिन्यातून एकदा दुसऱ्या फोनवरून जुना नंबर लावून बघा.