टेक्सटाईल डिझाईनला आहात? सबमिशनच्या आधी या चुका टाळा

पुण्यात टेक्सटाईल किंवा सरफेस डिझाईनला ॲडमिशन घेतली की पहिलं वर्षभर सगळं लक्ष मोटिफवर (म्हणजे नक्षीतल्या मूळ आकृतीवर) असतं, आणि प्रिंट बिघडली की डिझाईनच फसलं असं वाटून मुलं रडकुंडीला येतात. खरं तर बऱ्याचदा घोळ कापडात असतो.

मांजरपाट (कोरं सुती कापड) आणला आणि थेट रंगात बुडवला, ही सगळ्यात कॉमन चूक. कोऱ्या कापडाला खळ असते, शिवाय कापसाचं स्वतःचं मेण असतं, त्यामुळे रंग ठिपक्याठिपक्यांत बसतो. खळ जास्त वाटली तर रात्रभर भिजत घाला, मग सोडा ॲश (धुण्याचा सोडा) आणि थोडा डिटर्जंट घालून तासभर उकळा (हे फक्त सुतीसाठी हं, सिल्कला सोड्यात उकळू नका), धुऊन वाळवा आणि वर पाण्याचा एक थेंब टाका. लगेच शोषला तर कापड तयार, मोत्यासारखा वर बसून राहिला तर परत उकळा.

दुसरं म्हणजे दुकानात सांगितलेल्या नावावर भरवसा. कॉटन सिल्क म्हणून घेतलेल्यात पॉलिस्टर निघू शकतं, आणि पॉलिस्टरवर रिॲक्टिव्ह रंग (सुतीच्या धाग्याशी रासायनिकरीत्या जोडला जाणारा) चढतच नाही, त्याला डिस्पर्स रंग (पॉलिस्टरसाठीचा वेगळा रंग) आणि 130 अंशाच्या आसपास तापमान लागतं. म्हणून मीटरभर घ्यायच्या आधी दोन-चार धागे मागून आणा आणि चिमट्यात धरून जाळून बघा. सुती कागदासारखं जळतं, सिल्कला केस जळल्याचा वास येतो, पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते.

आता कोल्ड रिॲक्टिव्ह रंग, म्हणजे न उकळता चढणारे रिॲक्टिव्ह रंग. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात रात्री चांगलीच थंडी पडते, आणि रंग लावून रात्रभर गॅलरीत ठेवलेलं कापड सकाळी धुतलं की अर्धा रंग वाहून जातो, मग सगळे रंगाच्या डबीला शिव्या देतात. या रंगांना 25 ते 40 अंश बरं पडतं, त्यामुळे कापड प्लास्टिकमध्ये गुंडाळून घरातल्या उबदार जागी ठेवा आणि जास्त वेळ द्या. रंग पक्का व्हायला सोडा घालतात, तो घातलेला उरलेला रंग उद्यासाठी ठेवू नका, तो तोवर पाण्याशीच रिॲक्ट होऊन बसतो. प्रिंटिंगच्या पेस्टला स्टार्चची खळ नको, रंग तिलाच चिकटतो आणि कापड कडक होतं, त्याऐवजी सोडियम अल्जिनेट (पेस्ट घट्ट करणारी पावडर) घ्या. आणि पावडर मोजताना मास्क लावाच, ती श्वासात गेली की त्रास होतो. स्वयंपाकाची भांडी यासाठी अजिबात वापरू नका, प्लीज.

पिगमेंट रंगाचं वेगळं. तो धाग्यात न शिरता बाईंडरने (चिकटवणाऱ्या द्रवाने) वर चिकटतो, त्यामुळे वाळला म्हणजे झालं असं नसतं. साधारण 150 अंशाला तीन ते पाच मिनिटं उष्णता द्यावी लागते. नंतर ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा, फडकं रंगलं तर ज्युरीला (परीक्षकांना) देऊ नका.

रिपीटबद्दल, म्हणजे कापडभर पुन्हा पुन्हा येणाऱ्या नक्षीच्या तुकड्याबद्दल थोडक्यात. असा एक तुकडा (टाईल) कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर सुंदर दिसतो, पण शेजारी-शेजारी नऊ लावले की मध्येच रिकामी पट्टी दिसायला लागते, ते आधीच तपासा. रोटरी प्रिंटिंगचा (फिरत्या नळकांडी स्क्रीनने छापण्याचा) विचार असेल तर त्या स्क्रीनचा घेर सहसा 64 सेंमी असतो, म्हणून रिपीट 64, 32 किंवा 16 चा धरा, नाहीतर मिलमध्ये गेल्यावर डिझाईन ताणून बसवावं लागेल.

मोटिफ पिंटरेस्टवरूनच उचलू नका. शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे, तिथे वही घेऊन जा, जुन्या वस्त्रांवरची नक्षी नीट बघा. पैठणीवर काम करणार असाल तर घरातली खरी पैठणी मांडीवर घ्या, आईला किंवा आजीला विचारा, मोर आणि मुनिया पदरावर कुठे बसतात, काठावर काय येतं. नुसता मोर काढून मध्ये टाकला की साडी नेसल्यावर तो निऱ्यांत जातो. म्हणून काठ, पोत (साडीचा मधला भाग), पदर असं पूर्ण मापात कागदावर काढा आणि तो कागद कुणाच्या तरी अंगावर लावून बघा.