उन्हाळ्यातही न वितळणाऱ्या, खजुराच्या गोडीच्या चॉकलेट गोळ्या

चॉकलेटचा खाऊ करायचा म्हणजे ओव्हन, साचे आणि फ्रीज हे सारे लागणारच, अशा समजुतीमुळे गावाकडच्या घरांत तो बहुधा विकतच आणला जातो. प्रत्यक्षात खजूर, मनुका, शेंगदाणे आणि कोको पूड एवढे साहित्य हाताशी असले, तर साखरेचा एक दाणाही न घालता हा खाऊ स्वयंपाकघरात तासाभरात तयार होतो आणि चूल पेटवावी लागते ती केवळ दाणे भाजण्यापुरती.

विदर्भात मात्र ही कृती ठरवताना आधी हवेचा विचार करावा लागतो. चॉकलेटला घट्टपणा देणारे कोको बटर साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सियसला वितळते, आणि मे महिन्यात अकोला, नागपूर, चंद्रपूर या भागांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. अशा दिवसांत वितळवून थापलेले चॉकलेट फ्रीजबाहेर काढताच मऊ पडते, आणि भारनियमन असेल तर फ्रीजमध्येही टिकत नाही. कोको पुडीचे तसे नाही. कोकोच्या बिया भाजून, दळून, त्यांतील बरीचशी चरबी दाबून काढल्यावर जे उरते त्याचीच ही पूड असते. ती खजुरात मळली की गोळीला बांधून ठेवण्याचे काम खजुराचा चिकट गर करतो आणि तो उन्हाने वितळत नाही. म्हणून उन्हाळ्यात कोको पुडीच्या गोळ्या कराव्यात आणि चॉकलेटचा मुलामा हिवाळ्यासाठी राखून ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुमारे पंचवीस गोळ्यांसाठी बिया काढलेला मऊ काळा खजूर २०० ग्रॅम, काळे मनुके ५० ग्रॅम, शेंगदाणे १०० ग्रॅम, जवस दोन मोठे चमचे, किसलेले सुके खोबरे ३० ग्रॅम, कोको पूड ३० ग्रॅम म्हणजे साधारण चार मोठे चमचे, आणि चिमूटभर मीठ घ्यावे. मीठ वगळू नये. त्यामुळे कोकोचा कडवटपणा सौम्य होतो आणि खजुराची गोडी उठून दिसते.

कोको पूड विकत घेताना पाकिटावरील घटकांची यादी वाचावी. दुधात घालून प्यायच्या चॉकलेट पुडीत पुष्कळ साखर असते आणि ती जवळपास तशाच डब्यात मिळते. तिने गोळ्या अतिगोड होतात आणि कोकोची चवही लागत नाही. घटकांमध्ये केवळ कोको लिहिलेले असावे. तालुक्याच्या ठिकाणी केकचे साहित्य विकणाऱ्या दुकानात ती सुटी किंवा पाकिटात मिळते. कोकोच्या बिया आधीच भाजलेल्या असल्यामुळे ही पूड पुन्हा शिजवण्याची गरज नसते.

खजुराची निवड हा या कृतीतला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. बाजारात दाबून बांधलेल्या पाकिटात मिळणारा मऊ खजूर स्वस्त असतो आणि गोळ्यांसाठी उत्तमही असतो. प्रत्येक खजूर फाडून बी आणि देठाकडची कडक टोपी काढावी आणि आत कीड किंवा बुरशी नाही याची उजेडात खात्री करून घ्यावी. खजूर पाण्यात भिजत घालू नये. सुक्या फळांत पाणी कमी आणि साखर भरपूर असते, म्हणूनच ती टिकतात. भिजवल्यावर हा तोल बिघडतो आणि गोळ्या लवकर आंबतात. धुवायचाच असेल तर चटकन धुऊन, फडक्याने पुसून, सावलीत पूर्ण कोरडा होऊ द्यावा. खजूर कडक निघाला तर तो झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घालून अर्धा तास उन्हात ठेवावा, म्हणजे पाणी न लागता मऊ होतो. घरात खारीक असेल तर तिची पूड थोड्या प्रमाणात चालते, परंतु खारकेत चिकटपणा कमी असल्याने केवळ तिच्यावर गोळ्या वळल्या जात नाहीत.

शेंगदाणे निवडताना सुरकुतलेले, काळपट किंवा बुरशी लागलेले दाणे निर्दयपणे टाकून द्यावेत, कारण बुरशीमुळे तयार होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष भाजूनही पुरते नाहीसे होत नाही. उरलेले दाणे मंद आचेवर खमंग भाजावेत, पूर्ण थंड झाल्यावर साले पाखडून काढावीत. त्याच तव्यावर जवस तडतडेपर्यंत भाजून घ्यावा. आपल्याकडे जवसाची चटणी घरोघरी होते, त्यामुळे हा दाणा वेगळा विकत आणावा लागत नाही. मात्र कुटलेल्या जवसाला लवकर खवट वास येतो, म्हणून तो त्याच दिवशी भाजून कुटावा. खोबरे अगदी शेवटी, तवा गरम असतानाच, नुसते परतावे.

आता वाटण्याकडे वळू. दाणे आणि जवस आधी मिक्सरमधून थांबत थांबत फिरवून जाडसर कूट करावे. सलग फिरवल्यास भांडे तापते, दाण्यांना तेल सुटते आणि गोळ्या तेलकट होतात. कूट परातीत काढून त्याच भांड्यात खजूर आणि मनुके थोडे थोडे घालावेत आणि प्रत्येक वेळी चमचाभर कोको पूड टाकावी, म्हणजे गर पात्याला चिकटून बसत नाही. वीज नसेल तर खलबत्ता किंवा पाटा-वरवंटा हे काम तितकेच नीट करतो. किंबहुना खलबत्त्यात कुटलेल्या खजुराचा पोत मला अधिक आवडतो, कारण त्यात मनुक्याचे लहान तुकडे दाताखाली येतात.

परातीत कूट, खजुराचा गोळा, उरलेली कोको पूड, खोबरे आणि मीठ एकत्र करून तळहाताच्या टाचेने कणीक मळावी तसे पाच-सात मिनिटे चांगले मळावे. मळण्यात घाई केली तर गोळीत कोकोचे कोरडे पट्टे राहतात. मिश्रण भुगभुशीत वाटले तर दोन-तीन खजूर आणखी कुटून घालावेत किंवा चमचाभर तूप लावावे. पाणी वा दूध घालू नये. फार चिकट झाले तर फुटाण्याच्या डाळ्याचे पीठ घालावे. घट्टपणासाठी कोको वाढवत गेल्यास गोळ्या कडू होतात. रंग एकसारखा झाला की हाताला तुपाचा पुसट हात लावून आवळ्याएवढ्या गोळ्या वळाव्यात आणि खोबऱ्याच्या किसात घोळवाव्यात. वेळ कमी असेल तर ताटात थापून वड्या पाडल्या तरी चालते.

संत्र्याच्या हंगामात या गोळ्यांना अप्रतिम सुगंध देता येतो. नागपुरी संत्र्याची साल सैल असते. ती धुऊन सोलावी, आतला पांढरा कडू भाग खरवडून काढावा, नारिंगी भाग सावलीत कडकडीत वाळवून कुटावा आणि वरील प्रमाणाला अर्धा चमचा पूड मिसळावी. कोको आणि संत्र्याची जोडी अनेक देशांत मुरलेली आहे, आणि हे फळ आपल्या दारात पिकते.

झाडीपट्टीतल्या वाचकांनी मोहफुलांचा प्रयोग जरूर करावा. मोह हे फूल आहे, फळ नव्हे. परंतु वाळवलेली मोहफुले मनुक्याइतकीच गोड असतात आणि भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या जिल्ह्यांत मार्च-एप्रिलमध्ये ती वेचून वाळवली जातात. फुलांतले पुंकेसर आणि माती काढून, ती मंद आचेवर भाजून कुटावीत आणि मनुक्यांच्या जागी तेवढ्याच वजनाने घालावीत. मोहाचा वास उग्र असल्याने याहून अधिक प्रमाण घेऊ नये. कोकोचा कडवटपणा त्या वासाला छान पेलतो.

हिवाळ्यात डोक्याला लावायचे खोबरेल बाटलीत गोठू लागले की चॉकलेटच्या मुलाम्याचा हंगाम आला असे समजावे, कारण खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास गोठते आणि तेवढ्या गारव्यात चॉकलेटही फ्रीजविना घट्ट बसते. बिया काढलेल्या अखंड खजुरात एक-दोन भाजके दाणे भरून ठेवावेत. पातेल्यात पाणी गरम करून आच बंद करावी, त्यावर कोरड्या वाटीत १०० ग्रॅम गडद चॉकलेटचे तुकडे ठेवून हलवत वितळवावे. वाटीचा तळ पाण्याला टेकू देऊ नये आणि वाफेचा थेंबही आत पडू देऊ नये, नाहीतर चॉकलेट क्षणात आकसून रवाळ होते. त्यात खजूर अर्धा बुडवून ताटात मांडावा. गडद चॉकलेटमध्ये थोडी साखर असतेच, हे मात्र ध्यानात ठेवावे.

गोळ्या कोरड्या स्टीलच्या डब्यात हिवाळ्यात आठवडाभर चांगल्या राहतात. उन्हाळ्यात त्या वितळत नसल्या तरी दाण्यांचे आणि जवसाचे तेल उष्णतेने लवकर खवट होते, म्हणून तीन-चार दिवसांत संपतील एवढ्याच कराव्यात. फ्रीज नसेल तर घट्ट झाकणाचा डबा पाणी शिंपडत ओल्या ठेवलेल्या वाळूवर ठेवावा. कोरड्या हवेत वाळूतले पाणी उडते तसा डबा गार राहतो. पावसाळ्यात हवाच दमट असल्याने हा उपाय चालत नाही.

साखर घातलेली नसली तरी खजूर आणि मनुक्यांत नैसर्गिक साखर भरपूर असते, त्यामुळे मधुमेह असलेल्यांनी या गोळ्या मनसोक्त खाऊ नयेत. लहान लेकरांच्या घशात अखंड दाणा अडकू शकतो, म्हणून त्यांच्यासाठी कूट बारीक करावे आणि दाणे भरलेला खजूर त्यांना देऊ नये. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांसाठी दाण्यांऐवजी भाजलेले तीळ आणि फुटाण्याचे डाळे समप्रमाणात घ्यावे. दारातल्या कुत्र्यालाही उरलेली गोळी टाकू नये, कारण कोकोतील थिओब्रोमिन कुत्र्यांना विषारी असते.