टॅटूची स्टाइल ठरवताना: आधी जुने फोटो मागा

चार वर्षांपूर्वी मी मनगटाच्या आतल्या बाजूला आजीची सही काढून घेतली. तिच्या हिशेबाच्या वहीतून उचललेली, फाइनलाइन म्हणजे अगदी बारीक रेषेतली, अक्षरं जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरची. त्या संध्याकाळी ती हुबेहूब दिसत होती. आज त्यातला 'भ' कुठला आणि 'म' कुठला हे मला बोट ठेवून सांगावं लागतं. आता धाकट्या बहिणीला चतुर्थीनंतर टॅटू काढायचाय, म्हणून हे सगळं लिहून ठेवते आहे.

सुई नवी, पाकीट तुमच्यासमोर फोडलेलं, हातात हातमोजे. हे सगळ्यांना ठाऊक असतं.

मी जे विसरले ते हे: निवडलेली स्टाइल काही वर्षांनी कशी दिसते ते पाहणं. इन्स्टाग्रामवर बहुतेक फोटो टॅटू काढून झाल्या झाल्या घेतलेले असतात. तेव्हा शाई वरच्या कातडीतही असते, म्हणून रेष धारदार आणि काळा गर्द दिसतो. वरची कातडी महिनाभरात बदलून जाते. राहते ती खालच्या थरातली, एक-दोन मिलिमीटर खोल गेलेली शाई, आणि तिची रेष वर्षागणिक थोडी थोडी पसरते. तेव्हा आर्टिस्टकडे हील झालेल्या, निदान दोन वर्षं जुन्या टॅटूचे फोटो मागा. दीड महिन्यापूर्वीचा दाखवला तर तो धरू नका. आणि तोही तुमच्यासारख्या रंगाच्या कातडीवरचा हवा. संकोच वाटतो, मलाही वाटला होता, तरी मागा. नाहीच म्हणाले तर उठून या.

असा जुना नमुना खरं तर माझ्या घरातच होता. आजीच्या हातावर गोंदण होतं, तुळशीवृंदावन आणि भोवती ठिपके. पन्नास-साठ वर्षांत ते हिरवट निळं झालं, कडा विरल्या, पण वृंदावन वृंदावनच दिसायचं. रेषा जाड होत्या आणि दोन ठिपक्यांमध्ये मोकळी जागा सोडलेली होती. मी तिची सही घेतली आणि तिचा हात नीट पाहिला नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

त्यामुळे स्टाइल निवडताना मोकळी जागा बघा. देवनागरीत तर जास्तच. शिरोरेषा सगळी अक्षरं एकत्र बांधते, आणि ध, भ, श यांच्या गाठी आधी भरून येतात. माझं मत विचाराल तर सेंटिमीटरपेक्षा लहान देवनागरी काढूच नये, जोडाक्षर असेल तर आणखी मोठी. ब्लॅकवर्क (नुसत्या काळ्या शाईचं ठसठशीत काम), मोकळं डॉटवर्क (ठिपक्यांचं काम), जाड बाह्यरेषेचं ट्रॅडिशनल, हे आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर चांगलं टिकतं. शाई कातडीच्या स्वतःच्या रंगद्रव्याच्या खाली असते, म्हणून पिवळा, पांढरा आणि फिके गुलाबी-निळे रंग मळकट दिसतात. बाह्यरेषेविना वॉटरकलर, म्हणजे जलरंगातल्या चित्रासारखं काम, आवडत असेल तर त्याचे जुने फोटो पाहिल्याशिवाय हो म्हणू नका. चेहऱ्याचं रिअलिझम, म्हणजे फोटोसारखं हुबेहूब चित्र, तळहाताएवढं तरी हवं. लहान काढलं की डोळे-नाक एकमेकांत मिसळतात.

जागा. बोटं आणि तळहाताची कड सोडा, तिथली शाई लवकर उडते. मी रोज इथे गोव्यात म्हापशाहून पणजीला स्कूटरवर जाते, हाताच्या बाहेरच्या बाजूला तासभर ऊन लागतं. तुमचंही तसंच असेल तर नाजूक काम खांद्याकडे न्या. फौजेत किंवा पोलिसांत जायचं असेल तर आधी भरतीचे नियम वाचा.

डिझाइन खऱ्या मापात कागदावर छापून हातावर चिकटवा आणि चार पावलांवरून कुणाला तरी वाचायला सांगा. किनाऱ्यावरच्या काळ्या मेंदीने नमुना काढून बघू नका. तिच्यात बरेचदा केस काळे करायचं रसायन असतं, फोड येतात, आणि एकदा ॲलर्जी बसली की जन्मभराची.

वेळ. निदान दोन-तीन आठवडे समुद्र नाही, पोहणं नाही, ऊन नाही. हणजूण-हरमलच्या किनाऱ्यांवर चार दिवसांसाठी येणाऱ्यांना घाई असते, आपण इथेच राहतो, आपल्याला कसली घाई? चतुर्थीत विसर्जनाला पाण्यात उतरायचं असेल तर त्यानंतरचीच तारीख घ्या.

त्या दिवशी जेवून जा. स्टेन्सिल, म्हणजे डिझाइनचा छाप, कातडीवर लावल्यावर आरशात बघा, अक्षरं पुन्हा वाचा, वेलांटी-उकार तपासा. खपली काढू नका. बरं झाल्यावर सनस्क्रीन लावा.

रक्तदान करत असाल तर आधी करून घ्या, टॅटूनंतर वर्षभर रक्त घेत नाहीत.