नवा सेट येण्याआधी कार्डांवर सट्टा लावताय? या चुका टाळा

गेल्या महिन्यात नाशिकहून मावसभावाचा मॅजिकच्या एका कार्डाबद्दल मेसेज आला. "दादा, हे कार्ड काल दोन डॉलरला होतं, आज सहा दाखवतंय. वीस घेऊन ठेवू का?" मी त्याला एवढंच लिहिलं, "सहाला किती विकली गेलीत ते आधी बघ." अर्ध्या तासाने त्याचं उत्तर आलं, "एकही नाही रे."

मॅजिक: द गॅदरिंग हा कार्डांचा खेळ १९९३ पासून चालू आहे आणि वर्षाला त्याचे अनेक सेट, म्हणजे नव्या कार्डांच्या मालिका, येतात. सेट दुकानात येण्याच्या दोनेक आठवडे आधी त्यातली कार्डं थोडी थोडी करून दाखवली जातात. त्याला प्रीव्ह्यू सीझन म्हणतात, जुने खेळाडू अजून स्पॉयलरच म्हणतात. नव्या कार्डाची एखाद्या जुन्या कार्डाशी जोडी जमते असं कुणाच्या लक्षात आलं की जुन्याचा भाव तासाभरात उसळतो. मी न्यू जर्सीत राहतो आणि बरीच वर्षं हा उद्योग जवळून बघतोय, त्यात स्वतःचे पैसेही घातलेत. यात कमाई होते, ते खोटं नाही. पण लोकांचे पैसे बुडताना बघितलेत ते त्याच त्याच चुकांनी, आणि त्यातल्या बहुतेक टाळता येतात. म्हणून हे लिहितोय.

मागितलेला भाव म्हणजे मिळालेला भाव नव्हे

सगळ्यात मोठी चूक हीच, मावसभाऊ करायला निघाला होता ती. साइटवर एखादं कार्ड सहा डॉलरला दिसतं, म्हणजे कुणीतरी सहा मागतोय. बरेचदा होतं असं की दोन-चार जण मिळून स्वस्तातल्या सगळ्या प्रती उचलतात. याला बायआउट म्हणतात. मग उरलेल्यांत सगळ्यात स्वस्त प्रत सहाची असते आणि आलेख एकदम उभा चढलेला दिसतो. त्या उभ्या रेषेत खेळणाऱ्या गिऱ्हाइकांचा एकही सौदा नसू शकतो.

म्हणून झालेली विक्री बघा. मोठ्या साइटवर अलीकडच्या सौद्यांची यादी मिळते, ईबेवर 'सोल्ड' अशी चाळणी लावता येते. त्यात दोन गोष्टी शोधा: नव्या भावाला किती सौदे झाले, आणि एकेका सौद्यात किती प्रती गेल्या. एकेक, चार-चार अशा जात असतील तर खेळाडू घेतायत. एकाच दिवशी तीस-चाळीसच्या गठ्ठ्यांनी गेल्या असतील, तर तुमच्यासारखेच सट्टेवाले एकमेकांकडून घेतायत, आणि पुढच्या आठवड्यात ते सगळे एकदम विकायला बसणार आहेत.

हिशेब कागदावर मांडा, खरा मांडा

समजा, एक कार्ड तुम्ही दोन डॉलरला घेतलंत, चाळीस प्रती. ऐंशी डॉलर गुंतले. भाव सहा झाला म्हणून तुम्ही मनात दोनशे चाळीस धरलेत. आता पुढे बघा. नऊ विक्रेत्यांकडून मागवलेली पाकिटं यायला आठवडा गेला. तोवर सगळ्यांनी आपापला माल लावला आणि सहाचा भाव साडेचारवर आला. विक्रीच्या साइटची कपात साधारण १३ टक्के आणि वर दर ऑर्डरला ३० सेंट धरा, म्हणजे ८९ सेंट गेले. टपालाचं तिकीट ७८ सेंट धरा. लिफाफा, कार्डाची प्लॅस्टिकची पिशवी (स्लीव्ह) आणि कडक खोळ (टॉपलोडर) मिळून २५ सेंट. टपाल तुम्ही भावातच धरलं असेल, तर साडेचारातून तुमच्या हाती पडतात २ डॉलर ५८ सेंट. म्हणजे कार्डामागे नफा ५८ सेंट. चाळीसच्या चाळीस विकली गेली तर तेवीस डॉलर, आणि त्यासाठी चाळीस लिफाफे भरायचे, चाळीस पत्ते लिहायचे.

भाव पावणेचारवर उतरला की हातात १ डॉलर ९३ सेंट येतात. कार्डाचा भाव जवळजवळ दुप्पट होऊनही तुम्ही घाट्यात. स्वस्त कार्डांत भाव तिप्पट होणं पुरेसं नसतं, तिप्पट होऊन टिकावं लागतं. म्हणून मी एक डॉलर-दोन डॉलरची कार्डं आता फक्त एका अटीवर घेतो: चार-चारचे संच, म्हणजे प्लेसेट, करून एका लिफाफ्यात विकता येतील अशीच. एक तिकीट, एक लिफाफा, चार कार्डं. हाच हिशेब एकदम बदलतो.

महाराष्ट्रात बसून अमेरिकेतल्या भावावर सट्टा करणाऱ्यांना माझी काळजीची सूचना: पार्सल तुमच्यापर्यंत पोचायला दोन-तीन आठवडे, वर कस्टमचा भार, आणि विकायला परत अमेरिकेतच पाठवायचं. अशी उसळी कित्येकदा दहा दिवसही टिकत नाही. मावसभावाला मी नंतर 'घेऊ नको' म्हटलं ते याच कारणाने. खेळायला हवं असेल तर जरूर घ्या, ती वेगळी गोष्ट.

जोडी जमते, पण ती जिंकते का?

इथे थोडं थांबतो, कारण खरी कमाई इथेच होते आणि खरी फसगतही.

डार्क डेप्थ्स हे २००६ च्या कोल्डस्नॅप सेटमधलं कार्ड. त्यावर बर्फाचे दहा काउंटर, म्हणजे मोजणीच्या खुणा, असतात आणि प्रत्येक काढायला तीन मॅना, म्हणजे खेळात खर्चायची शक्ती, लागतो. तीस मॅना खर्चून सगळे काढले की २०/२० ताकदीचा राक्षस उभा राहतो. तीस मॅना कोण खर्च करणार? त्यामुळे कार्ड स्वस्तात पडून होतं. ऑक्टोबर २००९ मध्ये झेंडिकार आला आणि त्यात व्हँपायर हेक्समेज होती: दोन मॅनाचं साधं कार्ड, स्वतःचा बळी देऊन कुठल्याही एका कार्डावरचे सगळे काउंटर एका झटक्यात काढणारं. तीस मॅनाचं काम दोन मॅनात. ही जोडी खरंच खेळली गेली, स्पर्धांत उतरली, आणि डार्क डेप्थ्सचा चढलेला भाव टिकला.

आता दुसरी जोडी. जुलै २०१७ मध्ये अवर ऑफ डिव्हास्टेशनमध्ये सॉलेम्निटी आलं: खेळाडूला काउंटर मिळूच शकत नाहीत. २०११ च्या न्यू फिरेक्शियामधलं फिरेक्शियन अनलाइफ म्हणतं की तुमचं आयुष्य शून्यावर गेलं तरी तुम्ही हरत नाही, पुढचा मार विषाच्या काउंटरच्या रूपाने बसतो. दोन्ही एकत्र आली की माराने तुम्ही मरूच शकत नाही. प्रीव्ह्यू आला त्या रात्री मीही हे वाचून उठलो आणि अनलाइफच्या बत्तीस प्रती मागवल्या. भाव चढला. आणि मग खेळायला बसल्यावर कळलं की ही जोडी तुम्हाला वाचवते, पण जिंकून देत नाही. जिंकायला तिसरं काहीतरी लागतं. शिवाय दोन्ही कार्डं तीन-तीन मॅनाची, आणि समोरच्याने त्यातलं एक उडवलं की सगळं कोसळतं. स्पर्धांत ती जोडी वरच्या फळीत कधीच रुजली नाही. माझ्या बत्तीसपैकी अकरा प्रती बऱ्या भावाला गेल्या, बाकीच्या मुद्दलाखाली काढल्या.

तेव्हापासून मी नवी जोडी दिसली की स्वतःला चार प्रश्न विचारतो. दोनच कार्डांत काम होतं का? ती दोन्ही स्वस्तात टाकता येतात का? जमल्यावर लगेच जिंकता येतं का? आणि यातलं एक कार्ड एकटं हातात आलं तरी ते उपयोगी पडतं का? चारांपैकी तीनला तरी हो म्हणता आलं नाही, तर मी खिशात हात घालत नाही.

मागणी कुठल्या फॉरमॅटची, म्हणजे खेळायच्या कुठल्या पद्धतीची, आहे तेही बघा. स्टँडर्ड, मॉडर्न या फॉरमॅटमध्ये खेळाडू एका वेळी चार प्रती घेतो, पण स्पर्धेचे निकाल फिरले की त्याच झपाट्याने विकतो. कमांडर फॉरमॅटमध्ये शंभर कार्डांच्या डेकमध्ये, म्हणजे खेळाडूच्या गड्डीत, बहुतेक प्रत्येक कार्ड एकच चालतं, म्हणून माल एकेक करून सावकाश जातो. तिथे भाव हळू चढतो आणि हळूच उतरतो. कमांडरचं कार्ड दोन आठवड्यांत मोकळं करायच्या बेताने घेणं म्हणजे चुकीच्या बाजारात बसणं.

छपाईखाना कंपनीच्या हातात आहे

शेअरसारखा विचार करणारे इथे चुकतात. कार्ड परत छापता येतं. २००२ च्या ऑन्सलॉट सेटमधल्या फेचलँड्स नावाच्या जमिनी (लँड कार्डं) बारा वर्षं महाग होत गेल्या. ऑगस्ट २०१४ च्या शेवटी जाहीर झालं की त्या खान्स ऑफ टार्कीरमध्ये परत येतायत, आणि त्यांतल्या पोल्यूटेड डेल्टाचा भाव बघता बघता निम्म्याहून खाली गेला. ज्यांनी आदल्या आठवड्यात 'अजून चढतील' म्हणून घेऊन ठेवल्या होत्या, त्यांच्या अंगावर तो माल पडला.

याउलट २०१३ चा पहिला मॉडर्न मास्टर्स सेट. त्यात टार्मोगॉइफ परत छापलं, सगळ्यांनी भाव कोसळेल म्हणून विकून टाकलं, आणि तो चढला. छपाई मर्यादित होती आणि त्या सेटमुळे मॉडर्न खेळणारे वाढले. तेव्हा फक्त 'रीप्रिंट आलं' एवढं कळून भागत नाही. ते किती छापलं जातंय हे कळायला हवं. नेहमीच्या सेटमध्ये, म्हणजे महिनोन्‌महिने पाकिटं फुटणाऱ्या सेटमध्ये परत आलेलं कार्ड हातात असेल, तर बातमी वाचल्या दिवशीच विका.

एक खूण उपयोगी पडते. कार्डाच्या नावात खेळातल्या एखाद्या विशिष्ट जगाचं नाव असेल किंवा एखादा दुर्मिळ नियमशब्द असेल, तर ते नेहमीच्या सेटमध्ये बसवणं कंपनीला अवघड जातं. पण कमांडर डेक, मास्टर्स सेट आणि २०१९ पासूनचे सीक्रेट लेअर अशा खास छपायांत काहीही बसतं, म्हणून या खुणेवर सगळा भार टाकू नका. रिझर्व्ह्ड लिस्टमधली कार्डं कंपनी परत छापत नाही; १९९५ च्या क्रॉनिकल्स सेटमध्ये जुनी कार्डं छापल्यावर संग्राहक भडकले आणि १९९६ मध्ये ही यादी आली. ती कार्डं मुळातच महाग असतात आणि त्यांना सेटच्या तारखेची घाई नसते.

नव्या सेटची प्री-ऑर्डर

नव्या कार्डांवर प्री-ऑर्डरमध्ये पैसे लावू नका. प्रीव्ह्यूच्या दिवसांत कार्ड बाजारात नसतंच, उत्साह मात्र भरपूर असतो. २०१२ च्या अवासिन रिस्टोर्डमध्ये टिबॉल्ट आला, दोन मॅनाचा पहिला प्लेन्सवॉकर (कार्डाचा एक खास प्रकार) म्हणून चढ्या भावाने विकला गेला, आणि खेळणाऱ्यांच्या हातात पडताच मातीमोल झाला. सेट आल्यावर दुकानदार बॉक्सच्या बॉक्स फोडतात. बॉक्समधल्या कार्डांची बेरीज बॉक्सच्या किमतीच्या वर गेली की ते आणखी फोडतात, आणि एकाचा भाव टिकायचा तर बाकीच्यांचा उतरावाच लागतो.

अपवाद असतात. २०१५ च्या मॅजिक ओरिजिन्समधला जेस, व्हरिन्स प्रॉडिजी काही महिन्यांत ८० डॉलरच्या आसपास पोचला. लोक हाच दाखला देतात. त्याच सेटमधली बाकीची कार्डं कुठे गेली ते कुणी सांगत नाही.

नवं कार्ड खरोखर आवडलं असेल, तर सेट आल्यावर तीन-चार आठवडे थांबा. घाईत विकणाऱ्यांचा माल तेव्हा बाजारात असतो.

बंदी

थ्रोन ऑफ एल्ड्रेन हा सेट ऑक्टोबर २०१९ मध्ये आला आणि त्यातल्या ओको या कार्डावर नोव्हेंबरमध्येच स्टँडर्डमध्ये बंदी आली. कार्ड फार बलवान ठरलं की हा धोका येतोच; बलवान आहे म्हणून घेतलं आणि बलवान आहे म्हणूनच गेलं. कमांडरमध्ये असं होत नाही असा लोकांचा समज होता. २३ सप्टेंबर २०२४ ला मॅना क्रिप्ट, ज्वेल्ड लोटस आणि डॉकसाइड एक्स्टॉर्शनिस्टवर बंदी आली. ज्वेल्ड लोटसचा मॅना फक्त 'कमांडर', म्हणजे त्या फॉरमॅटमधलं डेकचं मुख्य कार्ड, उतरवायलाच वापरता येतो, त्यामुळे त्याला दुसरा बाजारच नव्हता. एकाच फॉरमॅटवर जगणाऱ्या महाग कार्डात दोन-तीन प्रतींहून जास्त पैसा अडकवू नका.

छोट्या पण महागात पडणाऱ्या गोष्टी

भाव उसळला की काही विक्रेते आधीच्या भावाची ऑर्डर 'स्टॉक संपला' म्हणून रद्द करतात. माझ्याबाबतीत एका दुकानाने चोवीस प्रतींची ऑर्डर रद्द केली आणि तेच कार्ड त्या संध्याकाळी तिप्पट भावाने परत लावलं. पैसे परत मिळाले, संधी गेली. म्हणून पाकीट हातात पडेपर्यंत तो माल आपला धरू नका आणि तो पुढे कुणाला विकूही नका.

घाईत 'लाइटली प्लेड' (थोडी वापरलेली) कार्डं 'निअर मिंट' (जवळजवळ नवी) समजून घेतली जातात. कार्ड आलं की उजेडात तिरकं धरून कडा बघा. पांढरे ठिपके दिसले तर भाव एक पायरी खाली. चकचकीत फॉइल कार्डांना गिऱ्हाईक कमी आणि ती कार्डं वाकतात, म्हणून सट्ट्यासाठी साधीच प्रत बरी.

आधीच अडकला असाल तर

भाव परत येईल म्हणून वाट बघत बसू नका. आज ते कार्ड तुमच्याकडे नसतं तर याच भावाला घेतलं असतं का, हे स्वतःला विचारा. नाही असेल तर विकायला काढा. पहिल्यांदा चारचे संच करून लावा. मग प्रीरिलीजला जा. ते सेट येण्याच्या आदल्या शनिवार-रविवारी असतं, दुकानात खेळाडू जमलेले असतात आणि नव्या डेकसाठी जुनी कार्डं शोधत असतात. तिथे रोख मिळाली नाही तर अदलाबदल करा, तुमच्या पंधरा सटरफटर कार्डांच्या बदल्यात नेहमी खपणारं एक घ्या. तेही नाही जमलं तर दुकानाच्या बायलिस्टला, म्हणजे दुकान स्वतः विकत घेतं त्या कार्डांच्या यादीत, द्या. रोख घेतली तर भाव फार कमी मिळतो, स्टोअर क्रेडिट घेतलं तर बहुतेक दुकानं थोडं वाढवून देतात. अनलाइफच्या शेवटच्या नऊ प्रती मी अशाच क्रेडिटवर दिल्या आणि त्यातून खेळायला लागणाऱ्या दोन जमिनी (लँड कार्डं) घेतल्या. त्या अजून माझ्या डेकमध्ये आहेत.