वायनरीत जेवणासोबत वाइन चाखायला जाताना या चुका टाळा

गंगापूर धरणाच्या जलाशयाकाठी, दिंडोरी आणि निफाडच्या शिवारात किंवा अलीकडे इगतपुरीच्या डोंगरांत वाइन चाखायला जाणे हा मुंबई-पुण्याच्या कुटुंबांचा सुट्टीतला नेहमीचा कार्यक्रम झाला आहे. 2001 साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी स्वतंत्र धोरण आणले आणि त्यानंतर नाशिक परिसरात अनेक वायनऱ्या उभ्या राहिल्या. त्यांतल्या काही मोठ्या कंपन्या झाल्या, तर काही आजही एकेका कुटुंबाच्या हातात आहेत. गंगावऱ्हे येथील यॉर्क वायनरीचे नावच मुळी गुरनानी भावंडांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून पडले आहे. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळच्या फ्रातेल्लीच्या नावाचा इटालियन भाषेतला अर्थ ‘भाऊ’ असा आहे आणि तिच्या स्थापनेत अकलूजच्या मोहिते-पाटील कुटुंबाचा वाटा होता. अशा घरच्या वायनरीत जेवणाच्या एकेका पदार्थासोबत एकेक वाइन समोर येते, तेव्हा त्यामागे कुणीतरी बराच विचार केलेला असतो. तो विचार आपल्यापर्यंत पोहोचत नाही, याचे कारण बहुतेक वेळा वाइनमध्ये नसून आपण तिथे कसे गेलो यात असते.

पहिली चूक घरून निघण्यापूर्वीच होते, ती म्हणजे न कळवता जाणे. मोठ्या वायनरीत पाहुण्यांना वायनरी दाखवण्याच्या फेऱ्या दिवसभर ठरावीक वेळांना चालू असतात, त्यामुळे आयत्या वेळी गेले तरी सहसा निभावते. लहान वायनरीत मात्र स्वयंपाकघरही लहान असते, किती माणसे येणार त्या हिशेबाने सामान आणलेले असते आणि कोणत्या वाइनसमोर कोणता पदार्थ ठेवायचा हे आधी ठरलेले असते. म्हणून निदान तीन-चार दिवस आधी फोन करून माणसे किती, शाकाहारी किती, जैन जेवण कुणाला हवे, शेंगदाण्याची किंवा माशांची ॲलर्जी कुणाला आहे आणि तिखट किती चालते, एवढे सगळे स्पष्ट सांगावे. सोबत उपवास असलेले ज्येष्ठ असतील तर तेही सांगावे, म्हणजे बाकीचे जेवत असताना त्यांच्यापुढे रिकामे ताट राहणार नाही. श्रावण पाळणाऱ्या घरांनी तारीखच पुढे ढकललेली बरी. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर यांसारख्या दिवशी मद्यविक्री बंद असते आणि निवडणुकीच्या काळातही ती बंद ठेवली जाते, हे बेत आखताना विसरले जाते. वयाचा पुरावाही जवळ हवा, कारण महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची 21 वर्षे पूर्ण असावी लागतात. वाइन पिण्याचा परवानाही लागतो. तो तिथेच एका दिवसापुरता मिळतो का, हे त्याच फोनवर विचारून घ्यावे.

हंगामाबद्दलचा गैरसमज तर फार पसरलेला आहे. आपल्याकडे द्राक्षाच्या वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. उन्हाळ्यात, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते आणि पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळ छाटणी होते. या छाटण्यांनंतर काही दिवस बाग उघडीबोडकी दिसते, पावसाळ्यात ती हिरवीगार असते पण वेलीवर घड नसतो, आणि घड पाहायचे असतील तर डिसेंबर अखेर ते मार्च हाच काळ खरा. मण्यांत पाणी उतरल्यानंतर, म्हणजे ते पिकून मऊ होऊ लागल्यावर, काळ्या वाणांना रंग चढताना पाहणे हा एक वेगळाच आनंद आहे. पण हाच तोडणीचा काळ असल्यामुळे घरातली सगळी माणसे पहाटेपासून कामाला जुंपलेली असतात. त्यांच्याशी निवांत बोलायचे असेल, एखादी वाइन अशीच का झाली हे विचारायचे असेल, तर पावसाळ्यातला आठवड्याच्या मधला दिवस निवडावा, असे मी अनुभवाने सांगतो. घड पाहायला मिळाले तरी विचारल्याशिवाय तोडून तोंडात टाकू नयेत, कारण फवारणी कधी झाली हे आपल्याला ठाऊक नसते. वाइनच्या द्राक्षाचा मणी लहान, जाड सालीचा आणि बियांचा असतो. थॉमसन किंवा सोनाका ही बिनबियांची द्राक्षे खाऊन सवय झालेल्या आपल्या तोंडाला तो निराळा लागतो, आणि मालकाने स्वतः तोडून दिला तर जरूर चावून पाहावा, कारण रेड वाइनचा तुरटपणा त्या सालीत आणि बीमध्येच असतो.

आता न्याहारीविषयी. नाशिकला गेल्यावर मिसळ खाल्ल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही आणि ते योग्यही आहे, पण वायनरीत जायच्या दिवशी ती सकाळी खाऊ नये. पहिल्यांदा मी सासूबाई-सासऱ्यांना घेऊन गेलो तेव्हा आम्ही वाटेत काळ्या मसाल्याची मिसळ खाल्ली, वरून तर्री मागून घेतली, त्यावर कडक चहा घेतला आणि तासाभरात शिराझ या रेड वाइनचा पहिला घोट घेतला. मला त्यात जळजळीशिवाय काहीही कळले नाही. सासऱ्यांनी तर ग्लास हळूच बाजूला सरकवला आणि जेवण संपेपर्यंत त्याला पुन्हा हात लावला नाही. वाइन उत्तम होती, हे पुढच्या खेपेला दही-पोहे खाऊन गेलो तेव्हा कळले. रिकाम्या पोटी जाणे ही याच्या उलट टोकाची चूक आहे. पोहे, उपमा, दूध-पोळी असे सौम्य काहीतरी खाऊन निघावे आणि निदान एक तास आधीपासून चहा, कॉफी, पान, सुपारी आणि पुदिन्याच्या गोळ्या बंद ठेवाव्यात. अत्तर, गडद वासाचे तेल आणि मोगऱ्याचा गजरा यांचाही मोह त्या दिवशी आवरावा, कारण वाइनची निम्म्याहून अधिक ओळख नाकाने होते आणि आपल्या गजऱ्याचा वास शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाच्या ग्लासातही शिरतो.

ताटाकडे वळू. ‘मांसाहाराला रेड आणि माशाला व्हाइट’ हे एकच सूत्र पाठ करून जाणे ही मला सर्वांत नुकसान करणारी चूक वाटते. ज्या स्वयंपाकात मांस मीठ-मिरपुडीवर भाजले जाते, तिथून हे सूत्र आले आहे. आपल्या जेवणात मुख्य जिन्नस कोणता यापेक्षा त्यावर तिखट किती, आंबट किती आणि गोड किती यावर जोडी ठरते. कोल्हापुरी रस्सा आणि खिम्याची पॅटिस हे दोन्ही मटणाचेच पदार्थ, पण त्यांच्यासमोर एकच वाइन ठेवणे म्हणजे दोन्हींवर अन्याय करणे होय. षड्रसांची आपली जुनी वाटणी इथे फार उपयोगी पडते. इंग्रजीत ज्याला टॅनिन म्हणतात त्यासाठी आपल्याकडे ‘तुरट’ हा शब्द लहानपणापासून आहे आणि जांभूळ, कच्चा पेरू, सुपारी, फार उकळलेला चहा यांमुळे ती चव आपल्या जिभेला पाठ आहे. तेव्हा ‘ब्लॅककरंट’ किंवा ‘गूसबेरी’ ओळखता आली नाही म्हणून संकोच करू नये. जांभळासारखी तुरट, कैरीसारखी आंबट, पिकल्या पेरूच्या वासाची, असे सरळ आपल्या शब्दांत सांगावे. बनवणाऱ्याला ते नीट समजते.

जेवताना काही बिनसले, तर ते कुठे बिनसले हे ओळखण्याच्या खुणा आहेत. वाइन घेताच तोंडातला तिखटपणा भडकला, तर समजावे की तिखट पदार्थासोबत तुरट किंवा जास्त अल्कोहोलची वाइन आली आहे, कारण अल्कोहोल आणि तुरटपणा हे दोन्ही मिरचीची आग वाढवतात. अशा वेळी पाणी पिऊन फारसा फरक पडत नाही. भाताचा किंवा दह्याचा एक घास घ्यावा आणि थोडी गोडसर, थंड शेनिन ब्लांक ही व्हाइट वाइन मागावी. गोडवा आणि गारवा ती आग शमवतात. वाइन एकाएकी आंबटढाण आणि पातळ लागू लागली, तर पदार्थ वाइनपेक्षा गोड आहे. श्रीखंड, पुरणपोळी किंवा गुलाबजामसोबत कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली वाइन कधीच टिकत नाही, तिथे वाइन पदार्थाहून गोड हवी आणि त्यासाठी उशिरा तोडलेल्या द्राक्षांची लेट हार्वेस्ट वाइन असते. याच्या उलट वाइन बेचव आणि मऊ वाटली, तर पदार्थाचा आंबटपणा तिच्यावर मात करतो आहे. चिंचेची चटणी, सोलकढी किंवा भरपूर लिंबू पिळलेली कोशिंबीर समोर असेल, तर आंबटपणात तोडीस तोड असलेली सोव्हिन्यों ब्लांक ही व्हाइट वाइन घ्यावी. कोथिंबीर वडीसोबतही तीच घ्यावी. तिच्या अंगचा हिरवा वास आणि कोथिंबिरीचा वास एकमेकांना असे धरतात की ज्याने त्या दोघांना एका घासात अनुभवले त्याला जोडी म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

बांगड्यासारख्या तेलकट माशासोबत रेड घेतल्यावर तोंडात लोखंडासारखी चव रेंगाळते आणि लोक वाइन खराब असल्याची तक्रार करतात. ती खराब नसते. माशाचे तेल आणि रेड वाइनमधले लोह यांच्या संगतीने ती चव तयार होते आणि व्हाइट घेताच ती तक्रार बहुधा उरत नाही. रेड वाइन नुसती तुरट, जीभ सुकवणारी लागत असेल, तर पनीर, चीज किंवा मटणाचा तुकडा तोंडात असतानाच तिचा घोट घ्यावा, कारण त्यांतली प्रथिने आणि स्निग्धता तुरटपणा सौम्य करतात, आणि चिमूटभर मिठानेही पुष्कळ फरक पडतो. बटाटेवडा आणि कांदाभजीसारख्या तळणीचा तेलकटपणा स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची वाइन छान धुऊन नेते. मात्र वड्यासोबत लसणाची झणझणीत चटणी घेतली, तर वाइनचे बुडबुडे जळजळ आणखी वाढवतात, हे ध्यानात ठेवावे.

वाइन खरोखरच बिघडलेली असण्याची शक्यता फार थोड्या वेळा असते. बुचाच्या बाटलीतल्या वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा किंवा तळघराचा कुबट वास आला, तर बुचामुळे तिला दोष लागलेला असतो. व्हिनेगरचा वास आला, तर तिला हवा लागलेली असते. दोन्ही गोष्टी भिडस्तपणे गिळून टाकू नयेत, ग्लास यजमानांना हुंगायला द्यावा आणि शांतपणे विचारावे. आपली वाइन जपणाऱ्या माणसाला हे वेळीच कळलेले हवे असते.

तापमानाकडे तर जवळजवळ कुणीच लक्ष देत नाही. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हे वाक्य युरोपातल्या गार खोल्यांसाठी आहे, तिथे ते 16 ते 18 अंश सेल्सिअस समजले जाते. मार्चच्या दुपारी नाशिकचा पारा पस्तिशीला पोहोचतो, आणि तशा हवेत बाहेर उघड्यावर ठेवलेली रेड कडवट आणि नाकात झोंबणारी लागते. बाटली दहा-पंधरा मिनिटे बर्फात ठेवून मागण्यात काहीही गैर नाही. व्हाइट 8 ते 12 अंशांच्या आसपास चांगली लागते. तिला त्याहून फार गार केले तर वास बंद होतो, म्हणून ग्लासात बर्फ टाकू नये आणि वास येत नसल्यास ग्लासाचा वाटीसारखा भाग दोन्ही तळहातांत क्षणभर धरावा.

गाडी चालवणाऱ्याची बाब मी फार गांभीर्याने सांगतो. चाखायला मिळणारा घोट साधारण 30 मिलिलिटरचा धरला, तरी सहा घोटांची 180 मिलिलिटर वाइन होते, म्हणजे 750 मिलिलिटरच्या बाटलीचा जवळजवळ चौथा हिस्सा. कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल इतकी कमी आहे आणि एवढी वाइन ती मर्यादा सहज ओलांडू शकते. म्हणून चालक आधीच ठरवावा किंवा नाशिकहून गाडी चालकासह घ्यावी. चालकाने चाखून थुंकायचे ठरवले असेल तर त्यासाठी टेबलावर भांडे मागावे. आपल्याकडे ताटाजवळ थुंकणे अशिष्ट मानले जाते, त्यामुळे लोक ओशाळतात आणि मुकाट्याने गिळतात, पण वाइन बनवणारी माणसे रोज तेच भांडे वापरतात आणि कुणी ते मागितले तर त्यांना जराही वावगे वाटत नाही.

शेवटी बाटल्यांविषयी. जी जोडी आवडली त्याच वाइनची बाटली घ्यावी आणि बिल घरी पोहोचेपर्यंत सांभाळून ठेवावे. नाशिकहून पुढे सापुताऱ्याला जायचा बेत अनेक जण करतात. तो बेत असेल तर बाटल्या घेऊच नयेत किंवा मागे नाशिकला कुणाकडे तरी ठेवून जावे, कारण सापुतारा गुजरातमध्ये आहे, तिथे दारूबंदी आहे आणि परवान्याशिवाय बाटली जवळ सापडणे हा गुन्हा आहे. मुंबई-पुण्याकडे परतताना जेवणासाठी वाटेत थांबलात, तर उन्हातल्या बंद डिकीत बाटल्या सोडू नका, तासाभरात तिथे वाइन तापते आणि तिची चव उतरते. थर्माकोलच्या खोक्यात किंवा जाड चादरीत गुंडाळून त्या सीटखाली सावलीत ठेवाव्यात, आणि घरी पोहोचल्यावर लेबलवर पेन्सिलीने तारीख आणि कोणत्या पदार्थासोबत चाखली ते लिहून ठेवावे. आमच्या फडताळातल्या एका बाटलीवर सासूबाईंच्या अक्षरात ‘कोथिंबीर वडी, पहिला घाणा’ असे लिहिलेले आहे.